‘पाव्हणं, गाव कुठलं?’ एवढ्यावर सीटचे पैसे पाठवू नका

रविवारी संध्याकाळी सातारा स्टँडवर पुण्याच्या स्वारगेट विनाथांबा बसची रांग वाढली, की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खासगी गाडीतल्या सीटचा मेसेज पडतो : ‘वाढे फाटा ते स्वारगेट, ६ वाजता, दोन सीट शिल्लक. ॲडव्हान्स १०० रुपये.’

असा मेसेज भामट्याचाही असू शकतो. फसणारा चौकशी करत नाही असं नाही. करतो, पण आपल्या पद्धतीनं. ‘गाव कुठलं?’ ‘कोरेगावजवळ.’ ‘म्हणजे कुमठे?’ ‘हो, कुमठेच की!’ झालं, पाव्हणं जवळचं निघालं. गाव भामट्यानं सांगितलंच नव्हतं, विचारणाऱ्यानंच ते त्याच्या तोंडात घातलं. आडनावं, ओळखी तर ग्रुप चाळूनही मिळतात.

शंभर रुपयेच मागतात, कारण तेवढ्यासाठी कुणी पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. मोठा घाव पुढं असतो. पाच वाजता फोन येतो, ‘गाडी बिघडली, पैसे परत घ्या, क्यूआर पाठवलाय.’ घाईत स्कॅन होतो, रक्कम न बघताच पिन टाकला जातो आणि दोन-पाच हजार जातात. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो ना पिन.

गाडीवालेही यातून सुटत नाहीत. ‘२०० ऐवजी चुकून २००० गेले, १८०० परत करा’ म्हणत प्रवासी बँकेसारखा एसएमएस पाठवतो. दहा आकडी मोबाइल नंबरावरून बँकेचा मेसेज येत नसतो. बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघितल्याशिवाय एक रुपया हलवू नये.

मग विचारायचं काय? गाडीचा नंबर. तो सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये टाकला की मॉडेल, नोंदणी, विम्याची मुदत आणि मालकाचं अर्धवट झाकलेलं नाव दिसतं. पण नंबर रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीचा देता येतो, म्हणून व्हिडिओ कॉलवर नंबरप्लेट दाखवायला सांगा. एमएच-११, म्हणजे साताऱ्याचीच पाटी दिसली म्हणून विरघळू नका. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, भाड्यानं माणसं न्यायचा परवाना तिला नसतो. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. ॲडव्हान्स देऊच नये, पैसे उतरताना द्यावेत. द्यायचेच झाले तर पिन टाकण्याआधी पडद्यावर येणारं खातेदाराचं नाव वाचा. ‘ते मित्राचं खातं आहे’ हे उत्तर आलं, की तिथंच थांबा.

फाट्यावर भलतीच गाडी आली आणि ‘ती सर्व्हिसिंगला दिलीय’ असं ऐकलं, तर बसू नका, भिडेखातर तर नाहीच. बसलात तर नंबर आणि आठ तासांचं लाइव्ह लोकेशन घरी पाठवा, तेही ड्रायव्हरला ऐकू जाईल असं सांगून.

पैसे गेलेच, तर आधी ग्रुपवर शिव्या घालत बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. व्यवहाराचा १२ आकडी यूपीआय क्रमांक विचारतात, तो आधीच कागदावर उतरवून ठेवा.