दहा-अठरा वाईड लेन्स : वाडे, मंडई आणि पुणे स्टेशन, दहा महिन्यांनंतर

गेल्या पाडव्याला सेकंडहँड १०-१८ मिमीची वाईड लेन्स घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या रेंजच्या बहुतेक साध्या लेन्सना खालचं सगळं लागू आहे. घ्यायचं कारण एकच : वाड्याच्या चौकात पाठ भिंतीला टेकवूनही कॅमेऱ्यासोबत येते ती साधी १८-५५ मिमीची लेन्स पुरत नव्हती. हा आकडा जितका लहान, तितकं जास्त दृश्य फ्रेममध्ये मावतं. माझ्या क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, १० म्हणजे फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) हिशेबात १६. बऱ्यापैकी मोठा घास.

पहिले दोन महिने त्या घासानेच घोळ घातला. विश्रामबागवाड्यासमोर, बाजीराव रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर उभा राहिलो, १० वर गेलो आणि अख्खा दर्शनी भाग फ्रेममध्ये! स्वारी खूश. घरी येऊन पाहतो तर दुसऱ्या बाजीरावाचा वाडा मागे रेलून बसलेला. लाकडी सज्जाचे खांब वर जाता जाता एकमेकांकडे झुकलेले आणि कोपऱ्यातली स्कूटर ताणून टेम्पोएवढी झालेली. यात लेन्सचा दोष नाही. इमारत मावावी म्हणून कॅमेऱ्याचं तोंड वर केलं की उभ्या रेषा वर मिटत जाणारच, वाईडवर ते जास्त खुपतं इतकंच. सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येतं, पण त्यात कडा कापल्या जातात. म्हणजे ज्या कडांसाठी पैसे मोजले, त्याच केरात.

आता स्क्रीनवर ग्रिड (आडव्या-उभ्या रेषा) आणि लेव्हल (कॅमेरा कलला की दाखवणारी खूण) कायम चालू असते. कॅमेरा उभा धरायचा, समपातळीत ठेवायचा, खाली भरमसाट डांबर आलं तरी येऊ द्यायचं आणि ते नंतर कापायचं. त्याहून बरं म्हणजे इमारतीच्या निम्म्या उंचीवर चढायला जागा शोधायची. हे मला पुणे स्टेशनने शिकवलं. पुण्यात गाडी आली १८५८ मध्ये, पण आत्ताची इमारत १९२५ ची. समोरून काढायला गेलं की आधी रिक्षा, मग माणसं, मग कुठेतरी इमारत. एका रविवारी भल्या सकाळी प्लॅटफॉर्म तिकीट काढून पादचारी पुलावर गेलो. तिथून कॅमेरा वर करावाच लागत नाही. प्लॅटफॉर्म, छप्पर, खांब, सगळं ताठ. ट्रायपॉड मात्र घरीच ठेवा. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायात तो हवाय कशाला?

अंधारात ही लेन्स जरा अडते. अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, ४.५ पासून सुरू होतं आणि झूम केलं की ५.६ (आकडा मोठा, तितका उजेड कमी). पण हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर कामाचा आहे. महात्मा फुले मंडईत (१८८६ ची, तेव्हाचं रे मार्केट) सकाळी सातला हातात धरून १/८ सेकंदावर दगडी कमानी चक्क शार्प आल्या. माणसं अर्थात पुसट. मी गुडघ्यावर बसून छताकडे बघत होतो, तेवढ्यात शेजारच्या गाळ्यावरच्या मावशी म्हणाल्या, "अहो दादा, वर काय बघताय? भेंडी बघा की, ताजी आहे." अर्धा किलो घेतली. त्यांचा फोटो १० वर काढायचा गाढवपणा केला नाही. चेहरा कडेला आला की भोपळा होतो.

जिथे ही लेन्स खरोखर वसूल होते ती जागा म्हणजे वाड्याचा आतला भाग. देवडीतून आत शिरून चौकाच्या कोपऱ्यात उभं राहायचं : तिन्ही बाजूंच्या ओसऱ्या, खांब, वरचा कडीपाट आणि मधला उजेडाचा चौकोन, सगळं एकाच फोटोत. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या सहा चौकी वाड्यात तर दिवसभर ती कॅमेऱ्यावरून उतरलीच नाही. पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येतं.

त्याच मेणवलीच्या फेरीत पावसाने गाठलं आणि मी बॅग तशीच ओली कपाटात टाकली. तीन आठवड्यांनी टॉर्च मारून पाहिलं तर मागच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. साफ करून मिळाली, पण लेन्सच्या किमतीचा चांगला लचका गेला. चूक शंभर टक्के माझी. आता पोह्यांच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत तिचा मुक्काम. डब्यावरून घरात झालेलं भांडण वेगळं.

विकणार नाही. पण आता सोबत जुनी ५० मिमीची, कमी दृश्य पण मोठं दाखवणारी लेन्स असतेच. मेणवलीच्या घाटावर वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी, बाळ येशू आणि १७०७ हे साल आहे. वाईडवर ती घाटाच्या दगडात हरवलेला ठिपका दिसत होती. ५० लावली, चार पायऱ्या चढलो आणि आकडे वाचता आले.