येळवशीला (वेळा अमावस्येला) शेत नसलेल्यांसाठी: मंदिरामागची बाग, लातूर

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे सांगते.

आमच्या कॉलनीतल्या महादेव मंदिरामागची जागा पडीक होती. बाभळी, दगडगोटे आणि येणारा-जाणारा टाकेल तो कचरा. आता तिथे वाफे पाडलेत. महिन्याला शंभर रुपये भरले की एक वाफा आपला. बी, खत आणि पाण्याची पाळी त्यातच. खुरपं तेवढं घरून न्यायचं. मेथी, शेपू, चुका, अंबाडी, घरापुरतं माळवं निघतं.

खत मात्र एक नंबर. मंदिराचं निर्माल्य इथेच जिरवतात. आधी हारांचे दोरे, उदबत्तीची पुडकी, प्लास्टिक निवडून काढायचं. बेलाची पानं लवकर कुजत नाहीत, म्हणून ती चुरडून शेणकाल्यात भिजवतात, मग खड्ड्यात फुलं, सुका पाला, शेणकाला असे थर. नीट कुजलं की हातात घेतल्यावर पहिल्या पावसासारखा वास येतो. आमची काळी माती पावसात चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. हे खत मिसळल्यापासून माझा वाफा भुसभुशीत झालाय. महादेवाला वाहिलेलं फूल मातीत जातं आणि दसऱ्याला झेंडू होऊन परत त्याच्याच गळ्यात पडतं. हे बघताना हात आपोआप जुळतात.

निर्माल्य निवडायची पाळी सगळ्यांना असते, तिथेच ओळखी होतात. माझ्या शेजारच्या वाफ्यात एक खाला पुदिना-कोथिंबीर लावतात. रोजे असले की त्यांच्या वाफ्याला आम्ही पाणी घालतो, आणि श्रावणी सोमवारी माझ्यासाठी बेल त्या तोडून ठेवतात. आषाढ वद्य चतुर्दशीला अरणच्या सावता महाराजांची पुण्यतिथी देवळात न करता इथे वाफ्यांमध्ये करतात. टाळ बांधावर, प्रसादाला ज्याच्या त्याच्या वाफ्यातलं काहीतरी.

पण मी हे लिहायला बसले ते येळवशीसाठी, शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायच्या सणासाठी. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर निम्मं रिकामं होतं, जो तो शेतात. आमचं शेत गेलं तेव्हापासून त्या दिवशी दार लावून घरात बसायचं. कुणी बोलवायचं, जायचोही, पण पाहुणे म्हणून. इथे मागच्या बाजूचा एक तुकडा सगळ्यांनी मिळून पेरतात: ज्वारी, कडेला हरभरा. येळवशीला कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी केली, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडले, लक्ष्मीची पूजा झाली. भज्जीला, म्हणजे त्या दिवशीच्या मिसळ भाजीला, हरभरा, वालाच्या शेंगा, गाजर, पातीचा कांदा सगळं बागेतलं. बाजरीचे उंडे एका काकूंनी केले, आंबील मी केलं. आंबील पिकावर शिंपडताना भाड्याच्या घरातली आम्ही सगळी माणसं त्या ज्वारीची धनी होतो. माझी सासू जेवायच्या आधी मातीवर डोकं टेकवून कितीतरी वेळ तशीच राहिली. मी तिला उठवलं नाही.

आता उणं. एप्रिलनंतर बोअरचं पाणी कमी होतं आणि वाफे बंद ठेवतात, फक्त तुळशी, बेल आणि झाडं जगवतात. त्या महिन्यांचे पैसेही घेत नाहीत. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी मागवावं लागलेल्या गावात हे बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. अर्धा तारा कापला तो बायकांसाठी स्वच्छतागृह नाही म्हणून. सकाळी दोन-तीन तास खुरपणाऱ्या बायका आहेत, त्यांची सोय व्हायलाच पाहिजे. समितीला मी हे लेखी दिलंय.

नवे वाफे मृग निघायच्या आधी वाटतात, नाव पुजारीकाकांकडे द्यायचं. घरात गुडघे दुखणारं माणूस असेल तर कुंपणालगतचा विटांचा उंच वाफा मागा. उभ्या उभ्या खुरपता येतं, आणि सकाळी तिथे सावलीही असते.