बार्नेगाट बेसाठी १७ फुटी बोट घ्यावी की २२ फुटी?

इथे न्यू जर्सीत, अमेरिकेत, पहिली बोट घ्यायची म्हटलं की सगळं येऊन अडतं ते साइजवर. मी पाच सीझन १७ फुटी सेंटर कन्सोल (स्टिअरिंग मधोमध असलेली उघडी बोट) चालवतोय, मित्राची २२ फुटी आहे आणि तिच्यावरही भरपूर फिरलोय, त्यामुळे दोन्हींचं सांगतो. तुम्ही मुख्यतः बार्नेगाट बे या किनाऱ्यालगतच्या खाडीतच फिरणार असं धरून चालतोय.

आधी तुमच्या दारात गाडी कुठली आहे ते बघा. १७ फुटी बोट, ९० हॉर्सपॉवरचं इंजिन, गॅस (म्हणजे पेट्रोल) आणि ट्रेलर मिळून साधारण २५०० पौंड होतं, म्हणजे ३५०० पौंड ओढणाऱ्या सिएना किंवा ओडिसीसारख्या मिनीव्हॅनला हिच (मागे ट्रेलर जोडायचा हुक) बसवून घेतला की काम भागतं. २२ फुटी ट्रेलरसकट ५००० च्या घरात जाते, तिला पिकअप किंवा मोठी एसयूव्हीच लागते, नाहीतर मरिनात स्लिप, म्हणजे बोट बांधून ठेवायची जागा, भाड्याने घ्या, आणि बोट सीझनभर पाण्यात राहणार म्हणजे तळाला शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा अँटिफाउलिंग पेंटही आलाच. गॅसचा ढोबळ हिशोब असा की फुल थ्रॉटलला हॉर्सपॉवरच्या दहाव्या हिश्श्याइतके गॅलन तासाला जातात, ९० ला ९ आणि २०० ला २०.

बे उथळ आहे, बऱ्याच ठिकाणी पाणी छातीएवढंसुद्धा नसतं. टायसेस शोल या बेमधल्या उथळ जागी अँकर टाकायचा, पोरांना पाण्यात सोडायचं, डब्यातले पराठे काढायचे, एवढाच बेत असेल तर १७ फुटीत काहीच कमी पडत नाही. रँपवर (ट्रेलरवरून बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) दोघं जण असलात की बोट दहा मिनिटांत पाण्यात.

पण दुपारी नैऋत्येचा वारा सुटला की चित्र बदलतं. बेभर छोट्या छोट्या, जवळजवळ लाटा उठतात आणि १७ फुटी त्यावर आपटत जाते. मागच्या जुलैत आई भारतातून आलेली, परतताना ती पुढच्या सीटवर बसलेली आणि दर आपटीला तिचा हात कंबरेवर जात होता. मी वेग अगदी कमी केला, तिला मागे माझ्याजवळ बसवलं, पण साडी चिंब भिजली आणि धक्के काही थांबले नाहीत. तेच पाणी २२ फुटी वजनाने आणि तळाच्या खोल ‘व्ही’ आकाराने कापत जाते. आईवडील वरचेवर सोबत येणार असतील किंवा तुम्ही नेहमी सहा-सात जण असाल तर मी डोळे झाकून २२ फुटी म्हणेन.

इन्लेटमधून, म्हणजे बे समुद्राला मिळते त्या अरुंद तोंडातून, समुद्रात मासेमारीला जायचं डोक्यात असेल तर १७ फुटीचा विचारच सोडा. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून पूर्वेचा वारा आला की बार्नेगाट इन्लेटमध्ये लाटा उभ्या राहून फुटतात, तिथे २२ फुटीवाल्यानेही थांबावं.

बोट सेफ्टी सर्टिफिकेट दोन्ही चालवायला लागतं आणि १३ वर्षांखालच्या मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट हवंच, त्यात साइजचा संबंध नाही.

चौघांचं कुटुंब, घरी मिनीव्हॅन आणि फिरणं बेच्या आत असेल तर माझं मत १७ फुटीला. फक्त सी ट्रायल (घेण्याआधी बोट पाण्यात चालवून बघणं) सकाळी घेऊ नका, तेव्हा पाणी काचेसारखं असतं. विकणाऱ्याला दुपारी तीननंतरची वेळ मागा, घरच्या सगळ्यांना घेऊन जा आणि वाऱ्याच्या तोंडावर वीस मिनिटं चालवून बघा.