लोकलमधलं रोम : आठ महिन्यांनंतर

गेले आठ महिने मी कल्याण लोकलमध्ये रोमन इतिहास वाचतोय. सगळं फुकट, सगळं मोबाइलवर. खर्च झालाय तो फक्त झोपेचा.

सगळ्यात जास्त उघडलं ते ‘लाकुस कुर्तियस’. बिल थेयर या माणसाने उभं केलेलं हे संकेतस्थळ शिकागो विद्यापीठाच्या सर्व्हरवर आहे. दिसायला जुनाट, पण रेंज नावापुरती असली तरी पान येतं. सुएटोनियस, प्लुटार्क, कॅसियस डिओ हे प्राचीन लेखक सगळे इंग्रजीत हजर. ‘रोम जळत होतं आणि नीरो फिडल वाजवत होता’ हे आपण लहानपणापासून ऐकतो ना? इ.स. ६४ ची ती आग मी तिघांकडून वाचली. डिओ म्हणतो, नीरो राजवाड्याच्या छतावर चढून गायला. सुएटोनियस त्याला मायकेनासच्या मनोऱ्यावर चढवतो. टॅसिटस सांगतो, आग लागली तेव्हा तो रोमबाहेर अँटियममध्ये होता, परत येऊन त्याने बेघरांसाठी स्वतःच्या बागा उघडल्या. गाण्याची मात्र अफवा पसरली होती. फिडल कुणाकडेच नाही. आणि छातीठोकपणे सांगणारा डिओ लिहितोय दीडेकशे वर्षांनी!

ती ‘अफवा’ भाषांतरकाराने घुसडली की मुळातलीच, हे बघायला टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’वर गेलो. तिथे लॅटिन शब्दावर टिचकी मारली की त्याचं रूप आणि अर्थ समोर येतो. ‘पेर्वासेरात रूमोर’, अफवा पसरली होती. मुळातलीच निघाली. लॅटिन येत नसताना एवढं पडताळता येणं हेच मला या आठ महिन्यांत सगळ्यात मोलाचं वाटलं.

फक्त साल बघायची सवय लावून घ्या. फुकट मिळतं ते बरंचसं हक्क संपलेलं, म्हणजे जुनं. ‘पर्सियस’वरचा लुईस आणि शॉर्टचा लॅटिन कोश १८७९ चा, ‘लाकुस कुर्तियस’वरचा रोमच्या जागांचा कोश १९२९ चा. मुसोलिनीने १९३२ साली प्राचीन चौकांवरून रस्ता काढला, तो त्यात कुठून असणार? मी आधी हे न बघताच टिपणं काढली. अर्धी वही खोडावी लागली.

स्टॅनफर्डचं ‘ऑर्बिस’ म्हणजे रोमन काळातला प्रवास नियोजक. महिना निवडा, बैलगाडी की जहाज ते सांगा, दिवस आणि खर्च मिळतो. गंमत छान, पण आठवडाभराची.

आपला किनारा मात्र त्यात नाही. त्यासाठी ‘पेरिप्लस’, शॉफचं १९१२ चं भाषांतर. पहिल्या शतकातल्या या व्यापारी वाटाड्यात पैठण आहे, तगर म्हणजे आपलं तेर आहे आणि ‘कल्लिएना’ म्हणजे कल्याणही आहे. तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजं म्हणे पहाऱ्यात भरूचला नेत. का नेत, ते शोधायला खालची टीप उघडली आणि रेंज गेली.