जमिनीखालची केबल : टोकांना तांबे, मध्ये ॲल्युमिनियम

घरातल्या मुख्य पॅनेलपासून परसातल्या किंवा कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) डीबीपर्यंत, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीपर्यंत, जमिनीखालून केबल टाकून घेण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या, तेव्हा ठेकेदाराने तांब्याच्या १६ स्क्वेअर एमएम आर्मर्ड (पोलादी कवचाच्या) केबलचे आणि ६३ मिमी डीडब्ल्यूसी (दुहेरी भिंतीच्या, जमिनीखाली घालायच्या) पाईपचे पैसे घेतले. प्रत्यक्षात त्याने भिंतीत वापरायच्या २५ मिमी पीव्हीसी पाईपमधून ॲल्युमिनियमची १० ची केबल घातली आणि चर बुजवून टाकला. कोणतेही पॅनेल उघडून पाहिले तरी सगळे यथास्थित दिसावे अशा बेताने हे केलेले होते, म्हणून त्याची रीत तपशिलाने सांगतो.

कोटेशनमधला १६ चा आकडा योग्यच होता. अंतर ६० मीटर होते, आणि दोन गिझर, दोन एसी व विहिरीवरचा दीड एचपीचा पंप एकाच वेळी चालले तर सिंगल फेजवर सुमारे ४० अँपिअर प्रवाह लागणार होता. एवढा प्रवाह केबलने न तापता पेलावा हे तर पाहावेच लागते, पण लांबच्या अंतराला व्होल्टेज ड्रॉपचा, म्हणजे वाटेत घटणाऱ्या व्होल्टेजचा, हिशेब अधिक महत्त्वाचा ठरतो, आणि त्यात जाणारी व येणारी अशा दोन्ही तारा, म्हणजे १२० मीटर, धराव्या लागतात. तांब्याच्या १६ च्या तारेचा रोध किलोमीटरला १.१५ ओहम, तांब्याच्या १० चा १.८३ आणि ॲल्युमिनियमच्या १० चा ३.०८ ओहम असतो. त्यामुळे ४० अँपिअरला पहिलीत साधारण साडेपाच, दुसरीत पावणेनऊ आणि तिसरीत पावणेपंधरा व्होल्ट वाटेतच जातात. हे आकडे २० अंश तापमानाचे आहेत. तार तापली की ते आणखी वाढतात.

काम पूर्ण झाल्यावर ठेकेदाराने दोन्हीकडे मल्टिमीटर लावून दाखवला. "भाई, इकडे २३२, तिकडेही २३२. एक व्होल्ट पडत नाही," असे तो म्हणाला. आकडे खरे होते, परंतु त्या वेळी मागच्या खोल्यांतले एकही उपकरण चालू नव्हते, आणि तारेतून प्रवाहच वाहत नसेल तर तार कितीही बारीक असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. भार न टाकता केलेल्या अशा चाचणीवर कोणीही काम ताब्यात घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

पुढे गिझर चालू असताना पंप नुसता घुमू लागला, आणि पावसाळा लागल्यावर आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडू लागला. ठेकेदाराने फोनवर आधी पंपाला दोष दिला, मग आरसीसीबीला, मग बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजला. अखेर शेजारच्या गावातल्या एका परवानाधारक वायरमनना बोलावले. त्यांनी सगळा भार चालू करून तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर ४० अँपिअर दाखवले आणि त्याच वेळी दोन्ही टोकांचे व्होल्टेज मोजले: घरात २२८, मागे २११. त्यानंतर पुरवठा बंद करून केबल दोन्हीकडून सोडवली आणि ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, केबल तपासली. हा रोध किमान १ मेगोहम असायला हवा. काटा शून्याजवळच राहिला, म्हणजे केबलमधून वीज गळत होती.

तरीही दोन्ही पॅनेलमध्ये दिसत होती ती जाड, चकचकीत तांब्याची १६ चीच केबल. मग वायरमननी बॅटरीच्या उजेडात केबलवरची छपाई वाचली. अनेक कंपन्या बाहेरच्या आवरणावर प्रत्येक मीटरला चढता आकडा छापतात. घरातल्या टोकावर ४३१ होता आणि मागच्या टोकावर ४३४. साठ मीटर अंतरावरच्या दोन टोकांमध्ये तीनच आकड्यांचा फरक, म्हणजे एकच छोटा तुकडा मधोमध कापून दोन्हीकडे लावलेला.

भिंतीलगत उकरल्यावर जोड सापडला. तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना नुसते पिळून वर काळी टेप गुंडाळलेली होती. ना जॉइंट किट, ना दोन धातूंसाठीचा कनेक्टर. ओल लागली की असा जोड झपाट्याने गंजतो, आणि आमच्या जोडावर पांढरी भुकटी जमलेली होती. मधल्या केबलवरची अक्षरे ‘ए’ने सुरू होत होती. आर्मर्ड केबलच्या संकेतात आरंभीचा ‘ए’ ॲल्युमिनियम दर्शवतो, तांब्याच्या केबलला तो नसतो. पाईप जेमतेम ३० सेंटीमीटर खोल होता. भारतीय मानकाप्रमाणे अशा केबलसाठी ७५ सेंटीमीटर खोली लागते, आणि चिऱ्याच्या कठीण जमिनीत तेवढे खोदण्याचा जादा दरही त्याने बिलात लावला होता.

पाईपमधल्या फसवणुकीने नुकसान दुप्पट झाले. २५ मिमी पाईपचा आतला व्यास २२ मिमीच्या आसपास असतो आणि त्यात सुमारे १८ मिमी जाडीची केबल कोंबलेली होती, म्हणजे पाईपचा दोन तृतीयांश भाग भरलेला. ६३ चा पाईप खरोखर घातला असता तर जुनी केबल ओढून त्याच वाटेने १६ ची घालता आली असती. आता सगळा चर नव्याने खोदावा लागला.

नव्या कामात आम्ही चर उघडा असतानाच केबलची छपाई, दोन्ही टोकांचे मीटर-आकडे, पाईपवरचा व्यास आणि टेपने मोजलेली खोली यांचे फोटो घेतले, आणि चर बुजवल्यावर मेगर व पूर्ण भारावरची चाचणी झाल्यानंतरच शेवटचा हप्ता दिला. मध्ये जोड नको, ही अट कोटेशनमध्ये लिहून घेतली. पूर्ण भारावर आता दोन्ही टोकांत सहा व्होल्टचा फरक येतो.

ज्यांची फसवणूक आधीच झाली आहे, त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर माहिती घ्यावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि कामाची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. आम्ही ठेकेदाराला लेखी नोटीस दिली असून कोटेशन, बिल, वायरमनचा लेखी अहवाल आणि ४३१ व ४३४ या दोन आकड्यांचे फोटो तिला जोडले आहेत. काढलेली केबल, तिचे जोड न सोडता, आम्ही पुरावा म्हणून जपून ठेवली आहे.