ट्रामची कार्डं जमवावीत की पुण्याच्या रस्त्यांची?

जुन्या चित्र-पोस्टकार्डांचा नाद लागलेला पुणेकर लवकरच एका प्रश्नापाशी अडकतो. मुंबईच्या ट्रामची कार्डं घ्यायची, की आपल्याच गावच्या रस्त्यांची? दोन्ही घेतो म्हणणाऱ्याची ना धड ट्राम जमते, ना धड पुणं. खिसा मात्र रिकामा होतो. पुण्यात ट्राम कधी धावलीच नाही, त्यामुळे या दोन वाटा पुढे कुठे मिळतही नाहीत.

ट्रामच्या बाजूने पहिली गोष्ट ही की विषयाला आदी आणि अंत आहे. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली विजेची आली, १९२० साली दुमजली, आणि ३१ मार्च १९६४ला शेवटची गाडी बोरीबंदरहून दादरला गेली. एवढी सालं पाठ असली की कार्डाचं वय काढणं सोपं जातं. विजेची गाडी दिसली तर फोटो १९०७ किंवा त्यानंतरचा, दुमजली दिसली तर १९२० किंवा त्यानंतरचा, घोडे जुंपलेले असतील तर साधारण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला किंवा त्याआधीचा. मागची इमारतही साक्ष देते: बोरीबंदरसमोरची महापालिका १८९३ची, ताज १९०३चं. पोस्टाचा शिक्का मात्र एवढंच सांगतो की कार्ड त्या तारखेनंतर छापलेलं नाही. चित्रात घोडे आणि शिक्का १९१२चा, असं दिसलं तर लगेच लबाडीचा संशय घेऊ नका. छापखानेवाले एकच फोटो वर्षानुवर्षं चालवत.

अडचण भावाची आहे. ट्रामवेडी माणसं इंग्लंड-जर्मनीपासून सगळीकडे आहेत, आणि ऑनलाइन लिलावात तुम्ही त्यांच्याशी बोली लावत असता. विक्रेत्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं. रस्त्याच्या टोकाला ठिपक्याएवढी गाडी असली तरी वर्णनात ‘ट्राम’ येते आणि आकडा चढतो. म्हणून घेण्याआधी मोठा स्कॅन मागवा आणि गाडीवरची पाटी वाचायचा प्रयत्न करा. छापील कार्ड मोठं केलं की अक्षरं ठिपक्यांत विरघळतात, ‘डब्ल्यू’ आहे की ‘एम’ तेही कळत नाही. खऱ्या फोटोच्या कार्डात ठिपके नसतात; तिथे पाटी, कंडक्टरची पिशवी, फुटबोर्डावर लटकलेल्याचा जोडासुद्धा दिसतो. जास्त पैसे मोजायचे तर अशा कार्डाला. रफाएल टक कंपनीची ‘ऑइलेट’ कार्डं दिसायला देखणी, पण ती रंगवलेली चित्रं. भिंतीवर लावा, पुरावा म्हणून नको.

आता पुणं. कार्डं कमी, आणि आहेत ती एकतर्फी. बंडगार्डन, १८६९चा फिट्झगेराल्ड पूल, कौन्सिल हॉल, ससून, गणेशखिंडीचं गव्हर्नमेंट हाउस, कॅम्पातली मेन स्ट्रीट, आणि गावातलं म्हणून पर्वती. बुधवार, रविवार, कसबा या पेठांचं दर्शन क्वचित. कारण उघड आहे: गिऱ्हाईक प्रामुख्याने छावणीतला गोरा होता. आपली मंडळी पाव आण्याच्या सरकारी कार्डावर ‘सर्व खुशाल, उलट टपाली कळवावे’ लिहून मोकळी होत. त्यावर चित्र कशाला हवं? गावात जे काही उरलं असेल त्यातलं नदीकाठच्या वाड्यांतलं १९६१च्या पानशेतच्या पुराने नेलं. त्यामुळे पुण्याचं कार्ड आज बऱ्याचदा इंग्लंडहून विकत आणावं लागतं. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर जरूर मारा, पण तिथे मिळतील त्या देवादिकांच्या तसबिरी आणि कुणाच्या तरी लग्नाचे ग्रुप फोटो. कार्ड मिळालं तर नशीब.

तरीही पुण्यात राहणाऱ्या नवख्याला मी पुणंच सांगेन. इथे विक्रेत्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं, आणि या धंद्यात तेवढीच एक सवलत मिळते. परदेशातल्या दुकानदाराच्या लेखी सगळे बाजार सारखेच. कार्डाखाली नुसतं ‘नेटिव्ह बझार’ छापलेलं असतं, तो ते किरकोळ ढिगात टाकतो. पण मागे १८८६ची मंडई आणि तिचा मनोरा उभा असेल, तर पुणेकराला पापणी लवायच्या आत कळतं. ट्रामच्या बाबतीत असा डाव साधत नाही. रुळांवरची गाडी कुणालाही ओळखू येते.

आणखी एक फरक आहे. ट्रामचं कार्ड कोरं आणि स्वच्छ असेल तर बरं, पुण्याचं मात्र लिहिलेलं घ्यावं. माझ्याकडच्या मेन स्ट्रीटच्या कार्डात एक टांगा आहे, दोन सायकली आहेत, आणि उजवीकडच्या कौलारू छपरावर शाईची फुली. मागे लिहिलंय, फुली केली तिथे आम्ही चहा पितो. कोऱ्या कार्डाला ही फुली कुठून असणार? लिहिलेल्या कार्डाचा कोपरा मुडपलेला असला तरी मी भाव करतो, सोडत नाही.

नकली माल दोन्हीकडे आहे. पेट्रोल पंपावर नोटा तपासतात तसली छोटी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घ्या. १९१०चं म्हणून दिलेलं कार्ड अंधारात निळसर-पांढरं चमकलं तर परत करा. कागदाला तशी चकाकी देणारी रसायनं साधारण १९५०च्या आसपास वापरात आली. मागच्या बाजूला मधोमध रेघ आहे का, तेही बघा. इंग्लंडमध्ये ती १९०२ साली आली, आपल्याकडे त्यानंतर काही वर्षांनी. त्याआधी मागे फक्त पत्ता लिहायची मुभा होती, म्हणून मजकूर चित्राच्या कडेला कोंबलेला सापडतो.

आजोळ गिरगावात किंवा परळला असेल, घरात ट्रामच्या गोष्टी ऐकत वाढला असाल, तर माझं ऐकू नका, ट्रामच घ्या. फक्त सुरुवात क्लिफ्टन कंपनीच्या रस्त्यांच्या छापील कार्डांपासून करा, खऱ्या फोटोंच्या नादी नंतर लागा. आणि काहीही घेतलंत तरी चिकट पानांच्या अल्बममध्ये लावू नका. पावसाळ्यात कार्ड पानाला धरतं आणि सोडवताना मागचा मजकूर सोलून निघतो.