जुना नकाशा: छापील पुनर्मुद्रण की स्कॅनचा थर?

पायी फिरून जुन्या खुणा शोधायच्या तर छापील पुनर्मुद्रणच घ्या. अख्खा परिसर एका नजरेत येतो, बुजलेल्या विहिरीवर पेन्सिलीने खूण करता येते. मात्र पुनर्मुद्रण बरेचदा लहान करून छापतात. १:१०,००० चा नकाशा ए२ वरून ए३ वर आला की १ सेंटीमीटर म्हणजे १०० नव्हे, सुमारे १४१ मीटर. छापलेलं गुणोत्तर तेव्हा चुकतं. नकाशावरची मोजपट्टी सोबतच आकसते, म्हणून तिच्यावरूनच मोजा.

नेमकी जागा हवी असेल तर स्कॅन क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आजच्या नकाशावर थर म्हणून चढवा. दोन्हीकडे सापडणारे ६ ते ८ बिंदू जुळवा: पुलाची टोकं, जुन्या दगडी इमारतीचा कोपरा, चौक. नदीचा काठ कधीही घेऊ नका, पात्र सरकतं. बिंदू एकाच कोपऱ्यात दाटले की बाकीचा नकाशा भलतीकडे जातो. घडीच्या रेघेजवळही स्कॅन वाकडा येतो. थर अर्धा पारदर्शक केला, की आजच्या रस्त्याचं उगाच वाटणारं वळण बुजवलेल्या तळ्याच्या बांधावर बरोब्बर बसलेलं दिसू शकतं. हे कागदावर सहज कळत नाही.

तारीख मात्र दोन्हींत मोजणीची बघा, छपाईची नव्हे. नव्या आवृत्तीत कधीकधी फक्त रेल्वेमार्ग वाढवलेला असतो, घरं जुन्याच मोजणीची.